सहाव्या वाटेचं नाव

टॅमरॅक बेंड हे मुळात गावच नाही, ही बातमी जोनेल हॅस्किटला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मिळाली. ती आणली जिल्हा कचेरीतल्या कर्टिस एंगडाल नावाच्या तरुण अधिकाऱ्याने. शहाण्णव सालच्या ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेनऊला, तिच्याच दुकानात बसून, तिच्याच हातचा दालचिनीचा रोल खाता खाता त्याने ती सांगितली.

"म्हणजे कागदोपत्री नाही," बोटं चाटत तो म्हणाला. "तुम्हाला नगरपालिका नाही, महापौर नाही, हद्द नाही. नकाशावर खाली सॅलो नदी आहे, मधून हमरस्ता जातो, वर स्कीचा डोंगर आहे. बाकी सगळा कोरा कागद."

"त्या कोऱ्या कागदावर त्र्याऐंशी माणसं राहतात, बाळा," जोनेल म्हणाली. "आणि बर्फ पडला की शनिवार-रविवारी दोन हजार येऊन घसरतात. आणखी एक रोल देऊ?"

"द्या."

दुसरा रोल संपेपर्यंत त्याने कामाचं सांगितलं. जिल्ह्यात संकटकाळी फोन करायची नवी यंत्रणा नुकतीच सुरू झाली होती. नऊ-एक-एक फिरवलं की डनमोर शहरातून रुग्णवाहिका निघणार. पण त्यासाठी प्रत्येक वाटेला नाव हवं आणि प्रत्येक घराला आकडा. टॅमरॅक बेंडला सहा वाटा होत्या आणि नाव एकीलाही नव्हतं. नावं सोळा डिसेंबरपर्यंत कचेरीत पोचायला हवी होती. हे काम जोनेलकडे यायचं कारण सोपं होतं. गावाच्या टपालपेट्या तिच्या दुकानात होत्या, आणि टपाल न्यायला रोज सगळ्यांना तिच्यासमोरून जावंच लागायचं.

"नियम तीनच," कर्टिसने कागद पुढे सरकवला. "जिल्ह्यात आधीच असलेलं नाव नको. वाटेवरच्या प्रत्येक घराची सही हवी. आणि फाजील नाव चालणार नाही."

"फाजील म्हणजे?"

"गेल्या आठवड्यात एका वाटेने 'कर वाढवू नका मार्ग' असं पाठवलं होतं."

"बरं नाव आहे की!"

कर्टिस हसला नाही. त्याला अजून नऊ वस्त्या करायच्या होत्या.

पाच वाटा दोन आठवड्यांत उरकल्या. नदीकाठी मासेमारीचे वाटाडे राहायचे, त्यांनी पाणमांजराचं नाव घेतलं. डोंगराकडच्या वाटेवर शहरवाल्यांच्या सुट्टीच्या केबिनी होत्या. त्यांना भुसभुशीत बर्फाचं नाव हवं होतं, पण जिल्ह्यात त्या नावाचे आधीच चार रस्ते निघाले, म्हणून ते बिचारे पाइनवर आले. निवृत्त शिक्षिका बेव्हर्लीबाईंनी आपल्या मेलेल्या मांजरीचं नाव सुचवलं. शेजाऱ्यांनी निमूट सह्या केल्या, कारण त्या मांजरीने बारा वर्षं सगळ्यांच्याच घरातले उंदीर खाल्ले होते.

अडलं ते सहाव्या वाटेवर. तिथे घरं तीनच. पहिलं जोनेलचं, दुसरं व्हर्न हॅस्किटचं, आणि पार वर, झाडी संपते तिथे, म्हाताऱ्या ओरिन स्कारचं.

व्हर्न हा जोनेलचा नवरा; म्हणजे नऊ वर्षांपूर्वीपर्यंतचा. वेगळं होताना दुकान तिच्याकडे आलं, स्की भाड्याने द्यायचं दुकान त्याच्याकडे गेलं आणि जमिनीचे दोन तुकडे झाले. आपल्या तुकड्यावर त्याने लाकडी घर बांधलं, ते तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून साठ पावलांवर. भांडण असं काही राहिलं नव्हतं. बोलणंच राहिलं नव्हतं. तो रोज सकाळी टपालाला यायचा, ती टपाल द्यायची, तो टोपीला हात लावायचा. झालं.

नावाचं निघालं आणि टोपीवर भागेना.

"हॅस्किट मार्ग," व्हर्न म्हणाला. "यात विचार कसला करायचा? तीनपैकी दोन घरं हॅस्किटांची."

"त्या नावाच्या वाटेने मी एकदा गेले, व्हर्न. अठ्ठावीस वर्षं लागली. पुरे झालं."

"मग नाव बदलून घ्यायचं होतंस."

"दुकानाची पाटी नुकतीच रंगवली होती. हकलबेरी मार्ग ठेवू. वाटेच्या दोन्ही बाजूंना त्याचीच झुडपं आहेत."

"जॅमच्या बाटलीवर राहतोय असं वाटेल मला."

मागे रांगेत उभे असलेले लोक टपाल विसरून ऐकत होते. नऊ वर्षांत त्या दोघांना एवढं बोलताना कुणी पाहिलं नव्हतं. बेव्हर्लीबाई तर जाताना म्हणाल्या, "उद्या किती वाजता आहे?"

पण त्यांचं जमलं असतं तरी ओरिन होताच. एक्क्याऐंशी वर्षांचा हा माणूस दिसायला वाळक्या फांदीसारखा. डोंगरावर स्कीवाल्यांना वर नेणारे तारेवरचे पाळणे नव्हते तेव्हा ट्रकच्या इंजिनाला दोर बांधून लोकांना वर ओढणारा पहिला माणूस तो. सहावी वाट त्यानेच एकोणपन्नास साली उसना ट्रॅक्टर आणून आणि सुरुंग लावून काढली होती. रोज दहाच्या ठोक्याला तो टपालाला उतरायचा. टपाल क्वचितच असायचं, पण उतरायचा.

"ओरिन, सही करा," जोनेल रोज म्हणायची.

"नाही."

"नाव तुम्ही सुचवा. तुमचंच देऊ, स्कार मार्ग."

"काही लिहू नका त्या वाटेवर."

"पण का?"

"पाटी लागली की माणसं येतात," असं म्हणून तो पेटी उघडायचा, आत काही नाही हे बघायचा, आणि निघून जायचा. व्हर्नही एकदा बाटली घेऊन त्याच्याकडे जाऊन आला. बाटली संपली, सही मिळाली नाही.

डिसेंबरच्या अकरा आणि बारा तारखेला बर्फ पडला तो कमरेपर्यंत. तेरा तारखेला, शुक्रवारी, सकाळी आभाळ मोकळं झालं आणि सगळं टॅमरॅक बेंड फावडी घेऊन बाहेर आलं. जोनेलने दुकान उघडलं, भट्टी लावली. दहा वाजले. सव्वादहा झाले. साडेदहाला तिने दारावर 'येतेच' अशी पाटी उलटी केली, बर्फावर चालायचे जाळीचे जोडे पायांत बांधले आणि वर निघाली.

ओरिन घराच्या मागच्या बाजूला सापडला. शिडी आडवी, फावडं एकीकडे, छपरावरून घसरलेला बर्फ सगळा अंगावर, आणि उजवा पाय असा वळलेला की जोनेलने दुसऱ्यांदा तिकडे पाहिलं नाही.

"आलीस?" तो म्हणाला. आवाज बारीक होता पण ताठ. "आत चुलीवर हरणाचा रस्सा आहे. तो उतरव आधी. करपेल."

"रस्सा गेला खड्ड्यात, ओरिन!"

"दोन दिवस पुरवायचाय तो. उतरव म्हणतो ना."

तिने घरातल्या तीन घोंगड्या आणून त्याच्यावर टाकल्या, एक अंगाखाली सारली, रस्सा उतरवला आणि फोन फिरवला.

"नऊ-एक-एक. पत्ता सांगा," फोनवर एक तरुण मुलगी होती.

"टॅमरॅक बेंड."

"ते गावांच्या यादीत नाही, मॅडम."

"माहितीये. ते गाव नाहीये."

"मग रस्त्याचं नाव?"

"त्याला नाव नाही."

"तुम्हाला माहीत नाही का?"

"मला माहितीये! नाव नाही हेच माहितीये! हे बघ पोरी, हमरस्त्याने डोंगराकडे निघायचं, नदीवरचा पूल ओलांडला की जळालेल्या बेकरीपाशी डावीकडे—"

"आग लागलीये का तिथे? बंब पाठवू?"

"बेकरी बहात्तर साली जळाली!"

"मग आता तिथे काय आहे?"

"काही नाही. म्हणून तर ती खूण आहे!"

"मॅडम, ते स्कीच्या डोंगराच्या जवळ आहे का?"

"जवळ आहे, पण डोंगरावर नाही. डोंगरावर पाठवू नकोस."

"पाठवते," असं काहीतरी म्हणून तिने फोन ठेवला, आणि काय पाठवते आणि कुठे, ते जोनेलला नीट कळलं नाही.

तिने पुन्हा फोन उचलला. व्हर्नचा नंबर तिला शोधावा लागला नाही. तो पूर्वी दोघांचा होता. नऊ वर्षांत तिने तो एकदाही फिरवला नव्हता.

"व्हर्न, ओरिन छपरावरून पडलाय. मांडी मोडलीये."

"रक्त?"

"नाही."

"हलवू नकोस. आलो."

व्हर्नने सव्वीस हिवाळे डोंगरावर जखमी लोकांना खाली आणायचं काम केलं होतं. अकराव्या मिनिटाला तो लाल बचावगाडी ओढत वर आला. ती लांब, उथळ होडीसारखी. पुढे दोन दांडे, मागे दोर. मग तो भराभरा हुकूम सोडू लागला आणि जोनेल मुकाट पाळू लागली. पाय इथे धर. सोडू नको. फळी दे. पट्टा ओढ, आणखी. संसारात हा माणूस साधं बटर कुठे ठेवलंय ते दहा वेळा विचारायचा. आता त्याचे हात बघताना तिला वाटलं, हा एवढा शहाणा माणूस तेव्हा डोंगरावरून कधीच घरी का आला नाही?

पाय बांधून होतोय तोच खालून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला. तो जवळ आला, अगदी जवळ आला, आणि मग हळूहळू लांब जाऊ लागला.

"वर चालली," व्हर्न म्हणाला.

"सांगितलं होतं त्या पोरीला."

"वर जाऊन शोधणार, मग परत फिरणार. चाळीस मिनिटं गेली. इथे याला थंडी मारेल, जोनेल. खाली नेऊ."

त्यांनी नेलं. दांड्यांमध्ये व्हर्न स्कीवर, मागे दोर धरून जोनेल, आणि मध्ये पट्ट्यांनी आवळलेला ओरिन, हनुवटीपर्यंत झाकलेला. तोंड मात्र उघडं होतं.

"डावीकडे दगड आहे."

"दिसतोय," व्हर्न म्हणाला.

"तुला बर्फ दिसतोय. दगड मला माहितीये. मीच ठेवलाय तो."

वळणापाशी उतार एकदम तीव्र झाला. गाडी घसरायला लागली, दोर जोनेलच्या हातांतून सरकला, जोडा अडकला.

"बस!" व्हर्न ओरडला. "जोनेल, खाली बस!"

ती बसली. दोर मनगटाला गुंडाळून, टाचा रोवून, बुडावर बसून ती तीस हात घसरत गेली, तोंडात बर्फ, टोपी गायब. गाडीचा वेग कमी झाला, मग ती थांबली. पांघरुणाखालून घरघर ऐकू आली. जोनेल रांगत गाडीपाशी गेली. मग तिला कळलं की ओरिन हसतोय. हसता हसता तो कळवळला, आणि कळवळता कळवळता पुन्हा हसला.

हमरस्त्यावर कुणी नव्हतं. जळक्या बेकरीच्या मोकळ्या जागेत त्यांनी गाडी आडोशाला लावली. वारा सुटला होता. ओरिनचे ओठ निळे पडत चालले होते आणि तो बोलायचा थांबला होता. ते सगळ्यांत वाईट. जोनेल पांघरुणात शिरली आणि त्याला छातीशी धरून आडवी झाली. व्हर्नने ताडपत्री उघडून वाऱ्याच्या बाजूने दोन्ही हातांनी धरली, आणि तसाच उभा राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वयाची एकसष्ट वर्षं झाली होती त्यालाही.

"हकलबेरी तर हकलबेरी," तो एकदम म्हणाला. "मला काय फरक पडत होता? महिना फुकट घालवला आपण."

"नको. हॅस्किट ठेव."

"मी हकलबेरी म्हणालो ना."

"आणि मी हॅस्किट म्हणतेय. ऐकून घेशील कधी?"

"हे बघ, तू नेहमी असंच—"

"दोघं गप्प बसा," पांघरुणातून ओरिन पुटपुटला. "माणसाला मरू द्या निवांत."

जोनेलला इतकं बरं वाटलं की ती रडायलाच लागली.

वरून भोंगा ऐकू आला तेव्हा ती उठून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून, केस मोकळे, अंगभर बर्फ. रुग्णवाहिका तिच्यापासून चार हातांवर थांबली.

"आम्ही पाळण्यांपाशी गेलो," चालक काच खाली करून म्हणाला. "तिथे सगळे ठणठणीत होते."

"इथे नाहीयेत," जोनेल म्हणाली.

शनिवारी दोघं डनमोरच्या इस्पितळात गेली, व्हर्नच्या पिकअपमधून. बावीस मैलांत फार बोलणं झालं नाही. व्हर्नने हीटरचं तोंड तिच्याकडे वळवलं, तिने रेडिओचा आवाज कमी केला. ओरिनच्या मांडीत पोलादी सळई बसवली होती. तो उशांना टेकून जेली खात होता आणि जेलीवर नाराज होता.

"तो कागद आणलाय का?" त्याने विचारलं.

जोनेलने पर्समधून काढला. "पण तुम्हाला नको तर नको. कर्टिसला मी बघते."

ओरिनने चमचा ठेवला.

"त्या वाटेला नाव आहे," तो म्हणाला. "पहिल्यापासून आहे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"एप्रिल एकोणपन्नास. लग्नाला चार दिवस झाले होते. आर्डिसला पहिल्यांदा वर घेऊन चाललो होतो, उसन्या ट्रकमधून. वाट नुसती उकरून ठेवलेली, मुळं, दगड, चिखल. आणि तिच्या मांडीवर तिच्या आईने दिलेली अंडी, टोपलीभर. सबंध वाटभर ती एकच वाक्य म्हणत होती. 'ओरिन, अंडी सांभाळ. ओरिन, अंडी सांभाळ.' वर पोचलो तेव्हा निम्मी फुटली होती आणि तिच्या नव्या झग्यावरून ओघळत होती. मला वाटलं, आता ही परत माहेरी जाणार. तर ती हसत सुटली. दाराच्या पायरीवर बसून हसत होती. तेव्हापासून आम्ही तेच म्हणायचो. 'अंडी-सांभाळवर बर्फ साठलाय.' 'अंडी-सांभाळवर हरीण दिसलं.' कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? ती जाऊन अकरा वर्षं झाली. आता म्हणायला कुणी नाही. आणि तिथे तुम्ही जॅमचं नाव लावणार, ते मी रोज येता-जाता वाचायचं?"

व्हर्नने खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि ओरिनच्या हातात दिलं.

सोमवारी सकाळी दोघं जिल्हा कचेरीत कर्टिससमोर उभी होती. त्याने कागद वाचला, पुन्हा वाचला.

"अंडी सांभाळ मार्ग?"

"हो," जोनेल म्हणाली.

"मी नियम सांगितले होते, मिसेस हॅस्किट. फाजील नाव—"

"सत्तेचाळीस वर्षं वापरातलं आहे," व्हर्न म्हणाला. "या कचेरीतल्या निम्म्या लोकांपेक्षा जुनं."

"वापर कोण करत होतं? पुरावा काय?"

"वापरणारी दोनच माणसं होती," जोनेल म्हणाली. "एक वारली. दुसऱ्याला शोधायला तुमच्या गाडीला शुक्रवारी चाळीस मिनिटं लागली. त्याला विचारायचं असेल तर इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर आहे, खोली चौदा. पण जेलीच्या वेळेला जाऊ नका."

कर्टिसने तिच्याकडे पाहिलं, मग व्हर्नकडे. मग त्याने खण उघडला, शिक्का काढला आणि मारला.

"पाटीवर मावेल का तेवढं?" तो पुटपुटला.

"मोजलंय आम्ही," व्हर्न म्हणाला.

पाटी फेब्रुवारीत लागली आणि चौथ्या दिवशी चोरीला गेली. स्कीला आलेल्या कॉलेजच्या पोरांना ती फारच आवडली असावी. दुसरी दहा दिवस टिकली. तिसऱ्या वेळी व्हर्नने पाळण्याच्या जुन्या तारेने ती बारा फुटांवर आवळून बांधली आणि खांबाला ग्रीस फासलं. जोनेल खाली शिडी धरून उभी होती आणि वाकडी आहे, वाकडी आहे म्हणत होती. ती वाकडीच होती.

ती दोघं पुन्हा एकत्र राहायला लागली का, असं बेव्हर्लीबाई अधूनमधून विचारतात. नाही. साठ पावलांचं अंतर आहे तेवढंच आहे. पण व्हर्न आता टपाल घेऊन लगेच निघत नाही. गल्ल्याशेजारच्या उंच स्टुलावर बसून कॉफी पितो, रोल शिळा आहे म्हणतो आणि दोन खातो.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ओरिन घरी आला. वाटेतला बर्फ व्हर्नने आदल्या दिवशी काढून ठेवला होता. पिकअपमध्ये मध्ये जोनेल, खिडकीशी ओरिन, त्याच्या गुडघ्यांत नवी काठी. खालच्या वळणावर त्याने हात वर केला आणि व्हर्नने गाडी थांबवली.

ओरिनने काच खाली केली, मान वर केली आणि पाटी वाचली. अक्षरं थोडीच होती, पण तो बराच वेळ वाचत राहिला. दुकानासमोर टपालाची गाडी येऊन गेली असणार आणि रांग लागली असणार, हे जोनेलला ठाऊक होतं. व्हर्नने इंजिन बंद केलं. झाडांवरून वितळणारं पाणी टपटप पडत होतं आणि खाली सॅलो नदी भरून वाहत होती.

"फार उंच लावलीत," शेवटी ओरिन म्हणाला. "आर्डिस बुटकी होती."

मग त्याने काच वर केली आणि काठीने पुढे, घराकडे, खूण केली.